चाकं न दिसणारं इंजिन

नातवाच्या प्लास्टिकच्या आगगाडीला चाकं दिसत नाहीत. सगळे तिचं कौतुक करतात आणि माझं डोकं फिरतं.

साठेक वर्षांपूर्वी सावंतवाडीत बाबा लाकडी खेळणी करायचे. रेल्वे त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात असलेल्या काकाने एका नव्या प्रायोगिक इंजिनाचं चित्र पाठवलं. लांब निमुळतं नाक, चाकं झाकणारे पत्रे. बाबांनी हुबेहूब तसंच घडवलं, लाख चढवली, केवड्याच्या पानाने घासून चकाकवलं. घरभर तापल्या लाखेचा वास होता.

खेळणी विकत घेणारा व्यापारी आला आणि हसत सुटला. "चाका खंय आसत? ही होडी मरे!"

चित्र पाहिलेलं असूनही मी त्याच्याबरोबर हसले. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, करवत उचलली, दोन्ही बाजू कापल्या आणि चाकं बसवली.

मे महिन्यात काका आला. म्हणाला, "दादा, खऱ्या इंजिनाचेय पत्रे कापून टाकल्यानी. तेल घालूक हात पोचत नाय होतो."

 पुढे जन्मभर बाबांनी लाकडी आंबे नि केळीच केली. पूर्वी प्रत्येक नवं खेळणं ते आधी मला दाखवायचे. आंबा एकदाही दाखवला नाही.