काळा करकोचा आणि रेफ्रींची शिट्टी

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कळंबा तलावावर काळा करकोचा उतरला. सात अकराला तो तिथे नव्हता. मधल्या मिनिटात रेफ्रींनी शिट्टी वाजवली होती.

शिवाजी पेठेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. पस्तीस वर्षे त्यांनी पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांत पंचगिरी केली. निवृत्तीनंतर गळ्यात दुर्बीण आली, पण शिट्टी उतरली नाही. वेगळा पक्षी दिसला की हात आपोआप तोंडाकडे जाई. "मी वाजवत न्हाय, हात वाजवतोय," असे ते सांगत. थंडीत इकडे येणारे दुर्मीळ पक्षी त्यांनी सर्वांआधी पाहिले आणि सर्वांआधी उडवले.

दर रविवारी तलावावर पक्षी पाहणाऱ्या आमच्या गटाच्या नोंदवहीचा नियम त्यांनीच घातलेला: प्रत्येक पक्ष्याला दोन सह्या, आणि दुसरी विरुद्ध तालमीच्या माणसाची. "एकट्या रेफ्रीनं बघितलं तर भांडण. दोघांनी बघितलं तर गोल." विरुद्ध तालमीचे आमच्यात एकटे तात्या, जुने गोलकीपर. रेफ्रींनी एका अंतिम सामन्यात त्यांच्याविरुद्ध दिलेली पेनल्टी चुकीची होती, हे ते दर रविवारी सांगत. करकोचा उतरला तेव्हा तात्या थर्मासमधून चहा ओतत होते. शिट्टी ऐकून त्यांनी मान वर केली आणि विचारले, "त्याला लाल कार्ड दाखवलंसा व्हय?" सही केली नाही. मी पक्षी पाहिला होता, पण मी रेफ्रींच्याच तालमीचा. मी वर्तमानपत्राचा बातमीदार, म्हणून बातमी देतो म्हणालो. सही नाही तर बातमी नाही, असे सांगून रेफ्रींनी तीही थांबवली.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचे सकाळचे फिरणे बंद केले. तरी नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते तात्यांच्या स्कूटरवर मागे बसून आले. बांधावर उतरताच तात्यांनी हात पुढे केला.

"शिट्टी हिकडं द्या."

रेफ्रींनी कुरकुरत दिली.

सात वाजून वीस मिनिटांनी करकोचा आला. रेफ्रींचा हात गळ्याशी गेला, तिथे शिट्टी नव्हती, म्हणून तसाच राहिला. पक्षी अकरा मिनिटे काठच्या उथळ पाण्यात मासे शोधत होता. तात्यांनी दुर्बीण एकदाही खाली घेतली नाही. तो उडाल्यावर त्यांनी वही मागितली, सही केली आणि म्हणाले, "करकोचा हाय, मान्य. पर ती पेनल्टी नव्हती."

"व्हती," रेफ्री म्हणाले.

फेब्रुवारीत रेफ्री गेले. वहीत त्या रविवारच्या नोंदीखाली दोन सह्या आहेत. शिट्टी तात्यांकडे आहे.