बिनआवाजाची गाडी

देवसिंग राठोड भित्रा माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक उगाच हसतात. दारव्ह्याहून तांड्याकडे त्यानं उभी हयात काळीपिवळी जीप चालवली. आत माणसं कोंबलेली, मागं पोरं लटकलेली, टपावर सोयाबीनचे कट्टे आणि एखादी बांधलेली बकरी. एकदा उतारावर ब्रेक गेले, तर पठ्ठ्यानं जीप सरळ पऱ्हाटीच्या वावरात घातली, खाली उतरला आणि बिडी पेटवली. असा माणूस. आणि हाच माणूस नव्याकोऱ्या गाडीत बसताना घामाघूम व्हायला लागला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं वय झालं. वय कसलं बोंबलायचं!

ती जुनी जीप म्हणजे निव्वळ आवाज. नाल्याच्या पुलावर चढली की सायलेन्सर असा खाकरायचा, की अख्ख्या तांड्याला कळायचं, देवसिंग आला. बाजाराला निघालेल्या बाया पिशव्या उचलायच्या, रस्त्यात बसलेल्या म्हशी आपणहून कडेला सरायच्या आणि मानीबाई, त्याची बायको, चहाचं आधण ठेवायची. नात जया तर आवाज ऐकला की जेवत्या ताटावरून उठायची. तांड्यात आजोबाला दादाच म्हणतात. "दादा आला, दादा आला" करत ती धावत सुटायची.

मग जीप थकली. दारव्ह्याच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं न उघडलं तोच हात झटकले.

"कंपनीनं हे मॉडेलच बंद केलं, देवसिंगभाऊ. पार्ट कोठून आनू? आता त्यायचं समदं चार्जिंगवर जाऊन राह्यलं."

मुलगा सुनील त्याच सुमारास यवतमाळला कंपनीचा मेळावा पाहून आला होता. मंडप, फुगे, आणि माइकवर टाय घातलेला एक पोऱ्या: डिझेल नाही, धूर नाही, आवाज नाही! सुनील भुलला. बापाला न विचारता गाडी ठरवून मोकळा झाला. जुनी जीप भंगारात गेली, त्या दिवशी देवसिंग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

नवी पांढरी गाडी अंगणात आली. मानीबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सुनीलनं बटण दाबलं. देवसिंग शेजारी बसून वाट पाहत राहिला.

"चालू कर ना बे."

"चालूच हाय, बा."

आणि गाडी सरकली. देवसिंगनं दचकून दोन्ही हातांनी सीट धरली.

गाडी वाईट नव्हती हो. वाईट होता तो तांड्याचा रस्ता. शहरातल्या माणसाला वाटतं, रस्ता म्हणजे गाड्यांसाठी. इथं रस्ता म्हणजे सगळ्यांचं अंगण. त्यावर खाटा टाकतात, लुगडी वाळवतात, पोरं कंचे खेळतात. आणि गाडी येते का हे कोणी मान वर करून बघत नाही. बघायचं कशाला? कान आहेत ना!

चारच दिवसांत प्रसंग आला. तांड्यातली हंसाबाई रस्त्यात वाकून शेण भरत होती, तिची पाठ गाडीकडे. देवसिंगला वाटलं, आता सरेल, मग सरेल. ती सरलीच नाही. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा बंपर तिच्या लुगड्याला लागला होता. म्हातारी वळली आणि टोपलं तिथंच टाकून किंचाळली.

"मेल्या, भुतावानी कायले येतं रे मांगून!"

देवसिंगला त्या दिवशी भाकर गेली नाही.

"हॉर्न हाय ना, बा," सुनील म्हणाला.

"हॉर्न तर दिवसभर समदेच वाजवतेत. कोनी हटते काय? माया जीपीचा आवाज लोकाईले दुरूनच सांगत होता, आता पुलावर हाय, आता वडापाशी हाय. हे गाडी काहीच नाही सांगत."

मग त्यानं खिडकीतून मान काढून ओरडायला सुरुवात केली. "हटा! हटा रे!" पुलापासून घरापर्यंत. गाडीतली माणसं खिदळायची. पोरांनी नाव पाडलं, हटाबाबा. देवसिंगला त्याचं काही नव्हतं. तो मानीबाईला एवढंच म्हणाला, "एखांद्या दिवशी माया हातून कोनाचं तरी लेकरू जाईन."

"काही बी नको बोलू," ती म्हणाली, पण तिचंही तोंड उतरलं.

पुढं तूर निघाली. तुरीसाठी तांड्यात कोणी वेगळं खळं करत बसत नाही. वाळलेल्या पेंढ्या सरळ डांबरी रस्त्यावर पसरायच्या, चांगला गुडघाभर थर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं शेंगा फोडतात, मालक कडेनं दाणे झाडून घेतो. बाहेरचे गाडीवाले शिव्या देतात. देवसिंगनं कधी दिली नाही. उलट शेजारच्या बाबुलालची तूर दिसली की तो मुद्दाम वरून जीप न्यायचा, मागं घ्यायचा, पुन्हा न्यायचा. आणि पोरांचा खेळही ठरलेला होता. पेंढ्यांखाली दडून बसायचं. पुलावर जीप खाकरली की बाहेर पळायचं. जो सगळ्यात शेवटी पळेल तो राजा. मोठी माणसं हटकत नसत, कारण जीप लांबूनच ऐकू यायची. यंदा जीप नव्हती, तर पोरं हटाबाबाच्या आरोळीवर पळायची.

त्या दिवशी दारव्ह्याचा बाजार होता. परतताना हंसाबाई देवसिंगच्या शेजारी बसली होती. बंपरचा राग ती विसरली होती.

"खरं सांगू काय, देवसिंग? लय मऊ चालते तुयी गाडी. कंबर नाही दुखली, ना धुराचा खोकला आला."

नाही म्हटलं तरी कौतुक कोणाला नको असतं? इतक्या दिवसांत देवसिंग पहिल्यांदा हसला. आणि त्या हसण्याच्या भरात ओरडायचं राहून गेलं. पूल मागं पडला. पुढं बाबुलालची तूर पसरली होती, बाबुलाल पाठमोरा नवी पेंढी सोडत होता. देवसिंगच्या हातापायांनी नेहमीचंच केलं. गाडी तुरीवर चढली.

चटचट शेंगा फुटल्या. इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून एकेक शेंग ऐकू आली. आणि त्याला पोरं आठवली.

गाडी जागीच थांबली. बाबुलाल दचकून वळला.

"बाबुलाल, पोट्टे कोठी हायेत?"

बाबुलालनं तुरीकडे बोट केलं.

गाडी पुढं घ्यावी, तर पुढं कोणी असेल. मागं घ्यावी, तर मागं. मागची माणसं उतरायला लागली, तसा देवसिंग ओरडला, "कोनी हलू नका! खाली पाय ठेवू नका!" स्वतः मात्र कडेकडेनं उतरला आणि रांगत निघाला.

"बाहेर या रे! अरे या ना बाहेर, लेकरं हो!"

मागच्या पेंढ्या हलल्या. दोन पोरं हसत निघाली, त्यांच्यामागून एक मुलगी.

"जया कोठी हाय?"

पोरानं हात केला. गाडीच्या पुढच्या चाकाकडे.

देवसिंगला पुढचं नीट आठवत नाही. तो पेंढ्या उपसत होता, तुराट्यांनी तळहात फाटत होते आणि तोंडानं "सेवालाल बापू, एवढ्या बारीले वाचव, एवढ्या बारीले" एवढंच चाललं होतं. आधी चप्पल दिसली. गुलाबी, एकटीच. गाडीत बसलेली हंसाबाई मोठ्यानं रडायला लागली. त्यानं आणखी एक पेंढी ओढली.

जया अंगाची मुटकुळी करून पडली होती. डोळे मिटलेले, केसांत तुरीचा पाचोळा. डोक्यापासून चाक वीतभर लांब. त्यानं तिच्या गालाला हात लावला.

तिनं एक डोळा उघडला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"चूप ना, दादा. बाकीचे येडे आंधीच पयाले, मीच राजा होनार हाय," ती कुजबुजली. "तू बी लप. गाडी अजून आलीच नाही."

देवसिंग तिथंच तुरीत बसला आणि तिला पोटाशी धरून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. काय झालं ते जयाला कळेना. "दादा, आता मी हरली ना," म्हणून तीही रडायला लागली.

गाडी अजून तोच चालवतो. पण पूल आला की थांबवतो, खाली उतरतो आणि पायी पुढं जातो. शेवटच्या घरापर्यंत. खाटा सरकवतो, शेळ्या हाकलतो, तूर असली तर खाली वाकून एकेक पेंढी उचलून पाहतो. गाडीत बसलेले लोक कटकट करतात, घड्याळ दाखवतात. तो ऐकत नाही. रस्ता पार मोकळा दिसला तरी जातो. मग परत येऊन गाडीत बसतो, बटण दाबतो आणि तरीही खिडकीतून मान काढून ओरडतो, "हटा! हटा रे!"