काकांचं गाणं

आमच्या आत्याच्या धाकट्या दिरांइतकं एकाच गाण्यावर आयुष्य काढलेलं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचं नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सेनगावात त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आणि दुकानात सिनेमातल्या एका नाचाच्या गाण्याची कॅसेट. ती इतकी झिजलेली, की गाणारी बाई पाण्याखालून गातेय असं वाटे. काकांची कात्रीही त्याच ठेक्यावर चाले. एखादी बाही तोकडी झाली, तर ते शांतपणे सांगत, "वहिनी, कडव्यात कापली गेली." बायका रागावत आणि पुढच्या सणाला पुन्हा त्यांच्याकडेच येत.

काकांनी लग्न केलं नाही. वरातीत मात्र ते असे नाचत, की नवरी नवऱ्याला सोडून त्यांच्याकडेच बघत राही. जत्रेतल्या ऑर्केस्ट्राच्या तंबूत वसमतचा एक कंडक्टर, वाशिमचे एक मास्तर असे त्यांचे दोस्त जमत आणि गाणं लागलं की तरंगल्यासारखे नाचत. मी एकदा विचारलं, हेच गाणं काहून? काका म्हणाले, "आमच्यासारख्यांना कपाळावर पाटी लावून फिरता येत न्हाई. या गाण्याला ज्याच्या मनगटाला मुरका पडतो, तो आपला. मंग त्याला चहा पाजायचा."

आत्याच्या मुलीचं लग्न डोंगरकडा गावातल्या एका घरात ठरलं, तेव्हा आतोबा त्यांना म्हणाले, "वरातीत नाचू नको. पोरीला तिकडं टोमणे ऐकावे लागतील."

"बराबर हाय," काका म्हणाले आणि रात्रभर नवरीचा ब्लाऊज शिवत बसले.

लग्नाच्या संध्याकाळी वरात निघाली. काका असले की तेच गाणं, हा सेनगावचा रिवाज. बँडवाल्यानं सवयीनं तेच धरलं. काका कडेला जीपच्या पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. गॅसबत्त्यांच्या उजेडात धूळ हळदीसारखी तरंगत होती. त्या धुळीतून नवरदेवाचे चुलते पुढे आले. विधुर गृहस्थ, पांढरं धोतर, झुपकेदार मिशा. त्यांच्यापुढे अख्खं वऱ्हाड दबून असे. त्यांनी टोपी खिशात घातली, हात वर केला आणि मनगटाला असा काही मुरका दिला, की काकांचा एक हात मांडीखालून निसटलेला मला दिसला.

"तुमी काहून बसून राहिले?" चुलत्यांनी विचारलं.

काकांनी भावाकडे पाहिलं. वरपक्षाच्या वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आतोबा खाकरले. "जा की. पाहुणे बोलावून राहिले."

दोघं नाचले. बाकीचे हळूहळू थांबले आणि त्यांच्याभोवती रिंगण धरून उभे राहिले. थोड्या वेळानं आतोबाही टाळ्या वाजवू लागले. आत्याच्या मुलीला सासरी त्यावरून कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलणार कोण, घरातले थोरलेच नाचले होते.

पुढे ते चुलते दर बाजाराला दोन एसट्या बदलून सेनगावला येऊ लागले. येताना शर्टाचं कापड आणत. जन्मभर ब्लाऊज शिवणारे काका पन्नाशीला टेकल्यावर शर्ट शिवायला शिकले. पहिल्या शर्टाची कॉलर वाकडी झाली, तरी चुलत्यांनी तो विरेपर्यंत वापरला. दुपारी दोघं दुकानात तीच कॅसेट लावून बसलेले असत. त्यांच्यात काय होतं, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. आत्या मात्र बाजाराच्या दिवशी न सांगता एक भाकर जास्त थापायची.