एकोडी रस्त्यावरची काकडी

एकोडीच्या रस्त्याला लागून त्या बाईचं हरितगृह आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही; ते गावात कुणी कौतुकानं घेतलेलं मला ऐकायचंच नव्हतं. तिचं बघूनच मी घरामागे तसंच बांबू-प्लास्टिकचं हरितगृह उभं केलं होतं. तिच्या काकडीच्या वेली छताला टेकल्या होत्या, माझ्या जमिनीवरच पिवळ्या पडत होत्या.

सकाळी मी मोटरसायकलवरून जायचो तेव्हा ती बाजूचा पडदा गुंडाळून वर बांधत असायची. मग पदर खोचून वेलीवेलीपाशी मातीत बोट घालून बघायची आणि बहुतेकदा पाणी न देताच पुढे सरकायची, झोपलेल्या लेकराला न उठवता जावं तशी. तिचा तो निवांतपणा मला बघवत नसे.

एकदा तिनंच हाक मारली. "काहून रोज गाडी हळू करून राहिले, भाऊ? आत या ना."

गेलो. माझ्या वेलींचं रडगाणं गायलं. ती खळखळून हसली.

"पाणी साचवून ठेवलं असन. आपल्याले धानाची सवय ना! माह्या पयल्या वेली मीनंच धानाच्या बांधीवानी पाणी भरून मारल्या."

म्हणजे माझी चूकसुद्धा तिनं माझ्याआधीच करून घेतली होती.

निघताना तिनं एक काकडी हातात ठेवली. घरी आल्याआल्या मी देठाकडचा तुकडा कापून तोंडात टाकला. ती कडू निघावी, अशी माझी फार मनापासून इच्छा होती.

देठाशीसुद्धा गोड निघाली.