टाकीत नांदायला आलेली झाडं

किस्से जमवायचे असं ठरवून कुणी जमवत नाही. टाकीच्या काचेवर शेवाळ धरतं तसे ते धरत जातात, आणि मग पुसवत नाहीत. रविवारी सकाळी श्रीनिवासच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आम्ही दोन म्हातारे जाऊन बसतो. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. दुसरे इराप्पा, ज्यांनी चाळीस वर्षं चादरींचे माग चालवले. पाण्यातली झाडं दोघांपैकी कुणाला कळतात, ते पुढं दिसेलच.

*

माझं पहिलं झाड अमेझॉन सोर्ड, लांब पात्यांचं. मुळं धरली की नाही या काळजीनं मी ते रोज सकाळी उपटून बघायचो आणि परत वाळूत खोचायचो. आठवड्यानं श्रीनिवासकडे तक्रार केली, की झाड रुजतच नाही.

त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "सर, लेक नांदायला गेली की तुम्ही तिला रोज सकाळी घरी आणून विचारता का, रमलीस का म्हणून?"

*

एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, नवीन झाडाला उजेड किती द्यायचा? श्रीनिवासनं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. मी वीस मिनिटं बोललो. त्यात "कदाचित" चार वेळा आलं आणि "याबद्दल दुमत आहे" दोनदा.

गिऱ्हाईक प्लास्टिकचं झाड घेऊन गेलं.

*

काही झाडं वाळूत लावत नाहीत, दगडाला दोऱ्यानं बांधतात. माझा दोरा एकतर सुटायचा, नाहीतर झाडाला काचायचा. इराप्पांची गाठ मात्र मुळं दगड धरेपर्यंत हलत नाही. मी वही काढून विचारलं, ताण नेमका किती ठेवायचा?

"बाळाला करदोटा बांधतो तेवढा," ते म्हणाले.

वहीत तेवढंच लिहिलं आहे.

*

मे महिन्यात माझे मेहुणे आले. टाकीचं पाणी तापू नये म्हणून हॉलमधला टेबलफॅन मी नव्या झाडांकडे वळवलेला. मेहुणे रुमालानं वारा घेत बसले. फॅन फिरवावा की नाही, या विचारात मी उभाच.

शेवटी आमची ही चहा घेऊन आली. भावाला म्हणाली, "दादा, तूच टाकीजवळ खुर्ची घे. ते काही आता फिरायचे नाहीत."

*

गेल्या वर्षी इराप्पांचं बायपासचं ऑपरेशन ठरलं. घर बंद राहणार, म्हणून त्यांनी आपलं सहा वर्षांचं सोर्ड मुळासकट काढलं आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणलं. "सांभाळा," एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवशी पानं पारदर्शक झाली, मग विरघळू लागली. जागा बदलली की जुनी पानं जातात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरीही मला भलतंच वाटू लागलं. हे झाड गेलं तर... पुढचं वाक्य मी मनातही पुरं करत नव्हतो. दवाखान्यातून फोन आला, की इराप्पा आधी झाडाचं विचारायचे. मी म्हणायचो, मजेत आहे. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे आवाज उगाच चढायचा.

त्यांना सोडणार त्याच्या आदल्या दिवशी मी श्रीनिवासकडून तेवढंच सोर्ड आणून लावलं.

इराप्पा रिक्षातून थेट माझ्याकडे आले. खोकला आला तर दाबायला छातीशी उशी धरलेली. टाकीसमोर बसले आणि बघत राहिले.

"पानं ताठ हायत," ते सावकाश म्हणाले. "नर्सरीत पाण्याभाईर, हवेवर वाढलेली. कालच लावलंय की सर."

मी उगाच टाकीची काच पुसू लागलो.

"असू द्या. ह्याला आता महिनाभर हात लावू नका. आणि माझं? टाकलं तर नसंलच तुमी. कुटं ठेवलंय?"

मी बाल्कनीतली बादली आणली. तिच्यात पान एकही नव्हतं, नुसता मुळांचा गड्डा. इराप्पांनी उशी माझ्या हातात दिली, बाही वर सारली आणि गड्डा अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिला.

"हाय की," म्हणाले.