तोमरचा एकच राउंड

फौजेत मी आर्मोरर होतो. हत्यारं उघडायची, दुरुस्त करायची, जोडून परत द्यायची. सुभेदार म्हणून पेन्शनीवर उज्जैनला परतलो, तेव्हा शहरात नवनव्या सिक्युरिटी एजन्सी निघत होत्या. एकीत लागलो. काम बँकेची कॅश पोहोचवायचं. जोडीला हवालदार तोमर, इन्फन्ट्रीचा, तोही रिटायर्ड. नानाखेड्याला राहायचा. मला उस्ताद म्हणायचा.

माझ्याकडे बारा बोअरची बंदूक, त्याच्याकडे एजन्सीचं रिव्हॉल्व्हर. एका सकाळी तो म्हणाला, "उस्ताद, गोली पूरी नहीं बैठती."

पाहिलं. सहापैकी दोन राउंड सिलिंडरच्या चेंबरमध्ये पुरते जात नव्हते. बूड बाहेर राहिलं की फ्रेमला घासतं, सिलिंडर फिरत नाही. चेंबर पितळी ब्रशने साफ केले. गंज निघाला, काजळी निघाली. तरी तेच. मग तेच राउंड दुसऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातले. तिथेही अडले. दोष गोळ्यांचा होता. जुना माल, ओलीत पडलेला.

बसणारे राउंड वेगळे काढले. पण नीट बसलेली गोळी उडाल्यावर काय करील, ते उडवल्याशिवाय कळत नाही. मॅनेजरकडे गेलो. चार राउंड फायर करून बघू द्या, नाहीतर लॉट बदला, म्हटलं.

"सूबेदार साहब, ये फौज नहीं है. जो बैठती हैं, वही डाल दो."

फौजेत असा लॉट त्याच दिवशी मागे गेला असता. इथे पाठवणार कुणाकडे? तोमरला म्हटलं, ड्यूटीवर येऊ नकोस.

"तो घर बैठके क्या खाऊँ, उस्ताद?"

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, फ्रीगंजच्या शाखेसमोर गाडी लागली. कॅशच्या पेट्यांबरोबर मी आत गेलो. तोमर गाडीपाशी थांबला. बाहेर एक गोळी वाजली. पाठोपाठ त्याची हाक.

"उस्ताद, घूम नहीं रहा!"

मी दारापर्यंत पोहोचलो, तोवर आणखी दोन वाजल्या. त्या त्याच्या नव्हत्या. लुटायला आलेल्यांची मोटरसायकल वळून गेली होती. गोळी लागलेला तोमर चाकाला टेकून बसला होता आणि अंगठ्याने सिलिंडर ढकलत होता.

"छोड़ दे," मी म्हटलं.

त्याने सोडलं नाही. हॉस्पिटलला नेताना वाटेतच गेला. लुटायला गाडीत काहीच नव्हतं. पेट्या आत आल्या होत्या.

पोलीस ठाण्यात रिव्हॉल्व्हर मलाच उघडायला दिलं. लाकडाने ठोकून सिलिंडर काढला. उडालेल्या राउंडच्या बुडातली ठिणगीची टोपी मागे सरकून फ्रेमला अडकली होती. इजेक्टरचा दांडा दाबला, तरी रिकामं कवच निघेना. बाकीचे पाच राउंड जसेच्या तसे. मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे काही झालं नाही. एजन्सीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला आणि त्याच लॉटच्या गोळ्या त्याला दिल्या. मी नोकरी सोडली. त्यानेही काही झालं नाही.

दहाव्याला राम घाटावर तोमरच्या बायकोने मला बाजूला बोलावलं.

"भैया, लोग कहते हैं, उन्होंने गोली ही नहीं चलाई."

"चलाई थी, भाभी. पहली गोली उन्हीं की थी."

तिने मान हलवली. दुसरी का नाही, ते तिने विचारलं नाही.

हवालदार तोमर. सारी नोकरी सीमेवर काढून धडधाकट घरी आला, आणि आपल्याच शहरात, भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात असताना गेला.