बंबाची जाळी आणि सुमीचं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न काजूच्या टरफलांपायी मोडता मोडता राहिलं. टरफलं मी आणली होती.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. वरून मधल्या नळीत लाकडं टाकायची, तळाच्या लोखंडी जाळीवर ती पेटायची, राख जाळीतून खाली पडायची. इतकं साधं काम! पण काजूच्या कारखान्यात टरफलं फुकट मिळतात असं मला कळलं (फुकट म्हटलं की माझी बुद्धी चालत नाही) आणि मी पोतंभर घरी आणली. काय पेटायची म्हणून सांगू! टरफलांतलं तेल भडकलं की बंब आगगाडीच्या इंजिनासारखा धडधडायचा. (आगगाडी तेव्हा रत्नागिरीत आली नव्हती, ती कसर मी भरून काढली.)

"अहो, एवढा जाळ बंबाला सोसायचा नाही," बायको म्हणायची.

"बंब तांब्याचा आहे, मेणाचा नाही!" मी ऐटीत सांगायचो.

तांबं टिकलं. जाळी लोखंडाची आहे हे मी विसरलो होतो.

इकडे सुमीचं लग्न चिपळूणला जवळजवळ ठरलं होतं. मुलाला सुमी पसंत. सुमीला मुलगा इतका पसंत, की ती तांदूळ निवडताना एकटीच हसायची. अडलं होतं ते फक्त मुलाच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, होकारावर. नाना आंघोळीशिवाय चहासुद्धा घेत नाहीत, मग बोलणी कुठली! त्यांचा निरोप आला, "पहिल्या एस.टी.ने येतो. आंघोळ तिकडेच करू."

त्या सकाळी मी बंब काठोकाठ भरला, टरफलं ओतली, काडी लावली. जाळाचा पत्ता नाही! नुसता धूर, तोही काजूचा, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा. नळीत काजळी अडकली असणार, असं ठरवून मी वरून बांबू ढोसला. सगळी काजळी उसळून माझ्या तोंडावर आली. मग टरफलं सर्दावली असतील म्हणून वाटीभर रॉकेल ओतलं. भक्क! जाळ झाला खरा, पण तेवढ्यात माझ्या भुवया गेल्या आणि पुन्हा धूर सुरू.

शेवटी वाकून खाली पाहिलं (हे आधी करायला हवं होतं). जाळी तापून तापून कढईसारखी खाली लोंबली होती आणि वारा शिरायची वाटच बुजली होती. मी सांडशीत तिची कड धरली आणि पाय रोवून खेचली. जाळी जागची हलली नाही. बंब हलला! आडवा झाला आणि राखेचं काळं पाणी अंगणभर धावत सुटलं. नेमके तेव्हाच नाना अंगणात शिरत होते. पाणी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरापाशी थांबलं नाही.

"बघा वन्सं, तुमच्या दादाने काय करून ठेवलंन ते!" बायको ओरडली. सुमी दारात रडायला लागली. पोरीचं सोन्यासारखं स्थळ मी राखेत घातलं होतं.

नानांनी बंबाकडे पाहिलं. मग माझ्या नसलेल्या भुवयांकडे पाहिलं.

"काजूची टरफलं?"

"हो," मी पुटपुटलो.

"कोयता आणा."

बायकोने माझा हात धरला. पण नानांनी धोतर खोचलं, उकिडवे बसले, कोयत्याच्या पाठीने जाळीला चहूबाजूंनी ठोकलं आणि ती अलगद बाहेर काढली.

"आता उलटी बसवा, फुगवटा वर. जाळ लागला की लाकडांच्या वजनाने आपोआप सपाट होत्ये. आणि टरफलं परसात पुरा!"

बंब पेटला, तोही निमूट लाकडांवर. नाना न्हाले, माझं धोतर नेसले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगी आमची झाली हो!" मला इतकं हायसं वाटलं की मी काळ्या तोंडानेच त्यांच्या पाया पडलो.

"पण नाना, जाळीचं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

नाना जरा खाकरले. "आमची पण टरफलांनीच वाकली होती. उलटसुलट करता करता शेवटी मोडली. आठवडाभर घरात कढत पाण्याचा थेंब नाही. म्हणून तर म्हटलं, आंघोळ तिकडेच करू!"

सुमी सासरी सुखात आहे. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, मला त्या घरात परकं असं वाटलंच नाही. नाना अगदी तुझ्यासारखे आहेत." बायकोने पदर तोंडाला लावला. मी मात्र ती स्तुती समजलो. अजूनही तीच समजूत आहे!